झोन कोण लावतो, कोण उतरवतो? : इमारतींच्या अलार्म-यंत्रणेतील आर्मिंग-डिसार्मिंगचा आढावा

इमारतीच्या संरक्षणासाठी बसवल्या जाणाऱ्या अलार्म-यंत्रणेविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्याचा बराचसा भाग सेन्सरांभोवती फिरतो : कोणता सेन्सर किती मीटरपर्यंत पाहतो, कोणता काच फुटल्याचा आवाज ओळखतो, कोणता भिंतीतली थरथर टिपतो. परंतु सेन्सर स्वतः कसलाही निवाडा करीत नाही. बँकेच्या दालनातील हालचाल-सेन्सरला सकाळी अकरा वाजता रांगेत उभा असलेला पेन्शनर आणि रात्री दोन वाजता खिडकीचे गज कापून आत उतरलेला चोर हे दोघेही सारखेच दिसतात; त्यांपैकी कोणाच्या हालचालीवर हूटर वाजवायचा, हे त्या वेळी यंत्रणेचा तो भाग ‘आर्म’ म्हणजे सज्ज आहे की ‘डिसार्म’ म्हणजे त्याची सज्जता काढलेली आहे, यावरच ठरते. ही अवस्था ठरवतो तो माणूस, आणि तोही दिवसातून किमान दोनदा, बहुधा घाईत. ज्या मोठ्या चोऱ्यांचा तपशील आज उपलब्ध आहे त्या पाहिल्या, तर चोरांनी सेन्सरवर तांत्रिक मात करण्यापेक्षा अवस्था-बदलाच्या व्यवस्थेतील फटींचाच अधिक फायदा घेतलेला दिसतो. म्हणून या विषयाची पाहणी सेन्सरच्या बाजूने न करता आर्मिंग-डिसार्मिंगच्या बाजूने करणे अधिक उपयोगाचे ठरते.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. यंत्रणेचा मध्यवर्ती पेटारा म्हणजे ‘पॅनेल’. सर्व सेन्सरांच्या तारा किंवा बिनतारी संदेश त्याच्याकडे येतात आणि तेथूनच हूटर, टेलिफोन-लाइन किंवा सिमकार्ड यांना हुकूम सुटतात. पॅनेल ज्याला एकच जागा म्हणून ओळखते, असा एक सेन्सर किंवा सेन्सरांचा गट म्हणजे ‘झोन’. अनेक झोन मिळून, ज्यांची अवस्था एकत्र बदलता येते, असा जो विभाग तयार होतो त्याला ‘पार्टिशन’ किंवा ‘एरिया’ म्हणतात. झोन आणि पार्टिशन यांची गल्लत व्यवहारात सर्रास होते, आणि ती निरुपद्रवी नाही : झोनमुळे ‘कोठे’ हे कळते, तर पार्टिशनमुळे ‘कोणाच्या अखत्यारीत’ हे ठरते.

या व्यवस्थेचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे. मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिल येथील ऑगस्टस रसेल पोप यांनी २१ जून १८५३ रोजी विद्युत-चुंबकीय चोर-घंटेचे पेटंट मिळवले. दार किंवा खिडकी उघडली की विद्युतमंडल पूर्ण होऊन घंटा वाजावी, अशी ती रचना होती. १८५७ मध्ये तिचे हक्क एडविन होम्स यांनी विकत घेतले आणि लवकरच न्यूयॉर्कला मुक्काम हलवून त्यांनी या कल्पनेचा धंदा उभा केला. पुढे शेअर बाजारातील भाव छापणाऱ्या टिकर-यंत्राचे जनक एडवर्ड कॅलहन यांनी श्रीमंतांच्या घरांना तारेने एका मध्यवर्ती कार्यालयाशी जोडण्याची पद्धत आणली आणि तिच्यातूनच १८७४ मध्ये अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ ही कंपनी आकाराला आली. या टप्प्यावर एक मूलभूत बदल घडला, त्याकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. घंटा घरातच वाजत होती तोवर ती कधी चालू ठेवायची आणि कधी बंद, हा घरमालकाचा खासगी प्रश्न होता. तार दूरच्या कार्यालयात गेल्यावर मात्र घर उघडल्याची आणि बंद केल्याची वार्ता तिऱ्हाइताला मिळू लागली, आणि अमुक दुकान अमुक वेळी उघडणे अपेक्षित आहे की नाही, याचे वेळापत्रक ठेवणे हे त्या तिऱ्हाइताचे काम झाले.

झोनची तांत्रिक घडण समजल्याशिवाय पुढील चर्चा करता येत नाही. पोप यांच्या रचनेत मंडल उघडे असे आणि दार उघडल्यावर ते जोडले जाई. त्यामुळे तार आधीच कापून टाकली तर घंटा मुकी होई आणि कोणाला पत्ताही लागत नसे. म्हणून नंतर बंद मंडलाची पद्धत रूढ झाली, जिच्यात प्रवाह सतत वाहतो आणि तो खंडित झाला की धोका समजला जातो. तिच्यावरही तोड निघाली : दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या, की पुढचा सेन्सर उघडला काय नि मिटला काय, पॅनेलला फरक पडत नाही. यावरचा उपाय म्हणजे तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला, सेन्सरच्या डबीतच, ठरावीक मूल्याचा रोधक बसवणे. समजा ५.६ किलो-ओहमचे दोन रोधक अशा रीतीने जोडले, की सेन्सर मिटलेला असताना पॅनेलला ५.६ आणि उघडल्यावर ११.२ किलो-ओहम रोध दिसेल. मग रोध शून्य झाला तर तारा कोणीतरी जोडल्या आहेत आणि अनंत झाला तर तार तुटली आहे, असे चार वेगवेगळे निष्कर्ष एकाच जोडतारेवरून काढता येतात. यांतील शेवटचे दोन निष्कर्ष झोन आर्म असण्यावर अवलंबून ठेवायचे नसतात, हे येथेच नोंदवले पाहिजे. रोधक पॅनेलच्या पेटाऱ्यातच बसवून मोकळे होणारे कारागीर कमी नाहीत. तसे केल्यास ही सारी योजना केवळ कागदावर उरते, कारण मग भिंतीतून गेलेल्या तारेवर पहारा राहत नाही.

झोनचे प्रकार पाठ करण्यापेक्षा एखाद्या बँक-शाखेत ते कसे नांदतात हे पाहणे सोपे जाते. समोरचे लोखंडी शटर, ग्राहकांचे दालन, लॉकर-कक्ष, रोकड ठेवण्याची स्ट्राँगरूम, एटीएमची मागची खोली आणि अभिलेख-कक्ष, ही महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या शाखेची ढोबळ मांडणी. सकाळी अधिकारी शटर वर करतो तेव्हा शटरवरचा चुंबकीय संपर्क सुटतो. पण हा झोन ‘विलंब’ प्रकारचा असल्याने हूटर लगेच वाजत नाही, तर कीपॅडचा बारीक टूं-टूं आवाज सुरू होतो आणि आपला संकेतांक दाबण्यासाठी अधिकाऱ्याला काही सेकंद मिळतात. कीपॅडपर्यंत जायचे तर दालन ओलांडावे लागते आणि दालनात हालचाल-सेन्सर आहे. तो तात्काळ प्रकारचा ठेवला तर अधिकारी रोज सकाळी स्वतःच चोर ठरेल. म्हणून त्याला ‘अनुगामी’ प्रकार देतात : शटरचा झोन आधी उघडला असेल तर तोही तेवढा वेळ थांबतो, परंतु शटर मिटलेले असताना दालनात प्रथम हालचाल दिसली, तर कोणी मागच्या खिडकीतून आले आहे असे मानून क्षणाचाही विलंब करीत नाही. केवळ क्रमावरून प्रामाणिक आणि अप्रामाणिक प्रवेश वेगळे ओळखण्याची ही युक्ती या तंत्रातील सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल, आणि तिच्यासाठी एक रुपयाचेही जास्त साहित्य लागत नाही. रोखपालाच्या पायाशी असलेला पेडल-स्विच आणि व्यवस्थापकाच्या टेबलाखालचे पॅनिक-बटण यांचा झोन मात्र चोवीस तासांचा असतो. त्याला आर्म-डिसार्म ही भानगडच लागू नाही, कारण दरोडा हा बहुधा शाखा उघडी असतानाच पडतो.

आगीच्या सूचनेचे झोनही याच अर्थाने कायम जागे असतात. देखभालीसाठी ते तात्पुरते विलग करता येतात, परंतु रोजच्या वापरात त्यांची सज्जता काढण्याची मुभा कोणाला नसते. चोरीचा आणि आगीचा अलार्म एकाच पॅनेलवर घेण्याच्या पद्धतीत याचे भान सुटण्याची शक्यता असते, एवढे सांगून हा भाग सोडून देता येईल.

प्रवेशासाठी आणि बाहेर पडण्यासाठी किती वेळ द्यावा, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न मानकांमध्ये बराच चर्चिला गेला आहे. अमेरिकेतील सिक्युरिटी इंडस्ट्री असोसिएशनचे ‘सीपी-०१’ हे मानक चुकीचे अलार्म कमी करण्यासाठीच लिहिले गेले; त्यानुसार बाहेर पडण्याचा विलंब किमान ४५ सेकंद आणि आत येण्याचा किमान ३० सेकंद असला पाहिजे. युरोपातील ‘ईएन ५०१३१’ मालिकेने मात्र उलट बाजूने कुंपण घातले आणि आत येण्याचा विलंब ४५ सेकंदांहून अधिक नसावा असे ठरवले. एका मानकाला भीती आहे ती म्हातारी आजी किल्ली शोधेपर्यंत पोलिसांची गाडी निघेल याची, तर दुसऱ्याला भीती आहे ती चोर त्या उसन्या वेळात पॅनेलच फोडील याची. दोन्ही भीती खऱ्या आहेत. विलंब सुरू असताना पॅनेलचा चुराडा केला तर ते कधीच अलार्म पाठवू शकणार नाही, या शक्यतेवर काही पॅनेलांमध्ये तोड काढलेली आहे : विलंब सुरू होताच ‘प्रवेश झाला आहे, पाठोपाठ डिसार्मचा संदेश न आल्यास धोका समजावा’ अशी आगाऊ खबर निरीक्षण-केंद्राकडे धाडली जाते.

ब्रिटनने या प्रश्नाला तिसरीच बगल दिली. तेथील ‘बीएस ८२४३’ या मानकाने विलंबाच्या सेकंदांवर खल न करता सज्जता काढण्याच्या रीतीच बदलल्या : एक तर दाराचे कुलूप आणि अलार्म असे जोडलेले असावेत की सज्जता काढल्याखेरीज दार उघडणारच नाही, किंवा अंक दाबण्याऐवजी ‘फॉब’ म्हणजे ओळख-बिल्ला टेकवून सज्जता काढावी, म्हणजे विसरणे-चुकणे हा भाग राहत नाही. बाहेर पडतानाही नुसती सेकंदे मोजण्याऐवजी शेवटचे दार मिटल्यावर किंवा दाराबाहेरचे बटण दाबल्यावरच यंत्रणा सज्ज होते. निघताना एखादी व्यक्ती पिशवी विसरली म्हणून परत फिरली तरी यात गोंधळ होत नाही. भारतातील प्रतिष्ठापनांमध्ये अजूनही सेकंद मोजण्याचीच पद्धत प्रचलित दिसते, कारण ती स्वस्त आहे आणि पॅनेलमध्ये आयती मिळते.

इमारत पूर्ण रिकामी असते किंवा पूर्ण भरलेली असते, हे गृहीतक पहिल्यापासूनच चुकीचे होते. घरात माणसे झोपलेली असताना दारे-खिडक्यांचे झोन सज्ज आणि आतील हालचाल-सेन्सर उतरवलेले, ही ‘स्टे’ अवस्था त्यासाठीच आली. सर्व झोन सज्ज असण्याला ‘अवे’ म्हणतात. व्यापारी इमारतींत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. एका मजल्यावर तीन कार्यालये असतील आणि त्यांचा व्हरांडा व मुख्य दार सामाईक असेल, तर सामाईक भाग शेवटचे कार्यालय आर्म झाल्यावरच आर्म व्हावा आणि पहिले उघडताच उतरावा, अशी जोडणी करावी लागते. अन्यथा उशिरापर्यंत बसणारा हिशेबनीस प्रसाधनगृहाकडे निघाला की हूटर सुरू. बँकेतही एटीएमच्या मागच्या खोलीत रोकड भरायला येणाऱ्या संस्थेची माणसे शाखेच्या वेळा पाळत नाहीत. त्यांच्यासाठी ती खोली वेगळे पार्टिशन म्हणून तोडली नसेल, तर रविवारी पैसे भरण्यासाठी संपूर्ण शाखेची सज्जता काढावी लागते, म्हणजे दहा चौरस मीटरच्या कामापायी स्ट्राँगरूमही उघडी पडते. स्ट्राँगरूमचे पार्टिशन तर दालनापासून वेगळेच हवे, कारण तिच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असतात, आणि ज्या कुलपाला दोन हात लागतात त्याच्यावरचा अलार्म एका संकेतांकाने उतरावा, हे विसंगत आहे. झोनची आखणी करताना नकाशावरील भिंती पाहिल्या जातात; प्रत्यक्षात पाहायला हवे ते हजेरीपुस्तक आणि किल्ल्यांची नोंदवही.

आता या व्यवस्थेच्या मुख्य दुखण्याकडे वळता येईल. एखादा झोन उघडा असेल, उदाहरणार्थ खिडकी नीट लागत नसेल, तर पॅनेल आर्म होण्यास नकार देते. अशा वेळी तो झोन ‘बायपास’ करण्याची, म्हणजे त्या फेरीपुरता वगळण्याची, सोय असते. काही पॅनेलांत ‘फोर्स आर्म’ ही सोय उघडे असलेले सर्व झोन एकदम वगळून टाकते. ही सोय नसेल तर एका बिघडलेल्या संपर्कापायी सगळी इमारत रात्रभर असुरक्षित राहील, म्हणून ती आवश्यकच आहे. परंतु संध्याकाळी सातला घरी जायची घाई असलेल्या माणसाच्या हाती ती दिली, की तात्पुरता बायपास कायमचा होऊन बसतो. कोकणातील खाऱ्या दमट हवेत शटरच्या खालच्या पट्टीवरील संपर्क गंजतो, वाऱ्याने शटर हलले की चुंबक संपर्कापासून क्षणभर दूर जातो, पाल हालचाल-सेन्सरच्या भिंगावरून फिरते. दोन-तीन रात्री हूटर वाजून शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, की तोच झोन रोज वगळला जातो, आणि कीपॅडवर सज्जतेचा लाल दिवा लागलेला दिसत असल्याने सर्वांना हायसे वाटते. पूर्ण सज्ज यंत्रणा आणि तिचे एक दार वगळून सज्ज झालेली यंत्रणा यांतला फरक कीपॅडवरच्या एका छोट्या अक्षरात किंवा दिव्यात असतो. ‘स्विंगर शटडाउन’ नावाची स्वयंचलित सोयही याच जातीची : एकाच सज्जता-काळात तोच झोन एक-दोनदा वाजला, की पॅनेल त्याला उरलेल्या काळापुरते गप्प करते. चोराने बाहेरून शटर मुद्दाम दोनदा हलवले आणि अर्धा तास वाट पाहिली, तर या सोयीचा अर्थच बदलतो.

विदर्भातील उन्हाळ्याचा मुद्दा येथे जोडून घ्यावा लागतो. निष्क्रिय अवरक्त सेन्सर, ज्याला व्यवहारात ‘पीआयआर’ म्हणतात, तो माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासची उष्णता टिपतो. परंतु तो उष्णता मोजत नाही, तर पार्श्वभूमी आणि शरीर यांच्या तापमानातील फरकाची हालचाल मोजतो. बंद शाखेतील भिंती तापून त्वचेच्या तापमानाच्या जवळ गेल्या, की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि झोन पूर्ण सज्ज असूनही अर्धा आंधळा होतो. तापमानानुसार संवेदनशीलता वाढवणारे किंवा सूक्ष्मलहरींची जोड असलेले सेन्सर यावर उपाय म्हणून मिळतात. मात्र थंड देशांत लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये या प्रश्नाला फारसे महत्त्व नसते, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात नेमके तेच महत्त्वाचे असते.

सज्जतेच्या काळापेक्षा उतरवलेल्या काळाकडे अधिक दुर्लक्ष होते. बेल्जियममधील अँटवर्प येथे फेब्रुवारी २००३ च्या १५-१६ तारखांच्या शनिवार-रविवारी हिऱ्यांच्या तिजोरी-कक्षात जी चोरी झाली, तिच्याविषयी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, टोळीच्या म्होरक्याने तेथे भाडेकरू म्हणून कार्यालय घेतलेले होते आणि कामकाजाच्या वेळेत आत जाऊन हालचाल-सेन्सरवर केसांना मारायच्या स्प्रेचा थर आधीच देऊन ठेवला होता. म्हणजे सेन्सर निकामी झाला तो झोन डिसार्म असताना, दिवसाढवळ्या. रात्री तो रीतसर सज्ज झाला, पण त्याला काही दिसत नव्हते. भिंगावर काही फासले किंवा समोर खोके ठेवले तर ओळखणारे ‘अँटी-मास्किंग’ सेन्सर युरोपीय मानकांच्या वरच्या श्रेण्यांत याचसाठी सक्तीचे आहेत. डिसार्म या शब्दाचा अर्थ ‘बंद’ असा घेणे हीच मूळ चूक होय : डबीचे झाकण उघडणे, तार तुटणे, भिंग झाकणे, बॅटरी उतरणे या गोष्टींवर पॅनेलने उतरवलेल्या अवस्थेतही लक्ष ठेवलेच पाहिजे, आणि त्या दिसल्या तर संध्याकाळी आर्म होण्यास नकार दिला पाहिजे.

बोस्टनमधील इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयातील १८ मार्च १९९० च्या चोरीत याहून विचित्र प्रकार घडला. पोलिसांच्या वेषातील दोघांना पहारेकऱ्यानेच आत घेतले, बाहेर खबर देणारे एकमेव पॅनिक-बटण ज्या टेबलापाशी होते तेथून त्याला दूर बोलावले गेले, आणि पुढील ८१ मिनिटांत १३ कलावस्तू गेल्या. दालनांतील हालचाल-सेन्सर त्या वेळी उत्तम काम करीत होते. चोर कोणत्या दालनात केव्हा शिरले याची नोंद संगणकात उरली आणि ती आजही अभ्यासली जाते. ती नोंद बाहेर कोणाकडेही जात नव्हती, एवढेच. झोन सज्ज असणे आणि त्या सज्जतेला कोणी ऐकणारा असणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

ऐकणारा असला तरी तो विश्वास ठेवील, असे नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत चोरीच्या अलार्मपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असल्याचे नमूद आहे, आणि त्यांत वापरणाऱ्यांच्या चुकांचा, म्हणजे मुख्यतः आर्म-डिसार्म करतानाच्या चुकांचा, वाटा मोठा आहे. सॉल्ट लेक सिटीने २००० च्या डिसेंबरापासून, कोणी प्रत्यक्ष खात्री केल्याशिवाय पोलीस पाठवायचे नाहीत, असे धोरण स्वीकारले. ब्रिटनमध्ये एकाच अलार्मवर विसंबण्याऐवजी ठरावीक कालावधीत दोन वेगळ्या झोनांकडून संकेत आला तरच घुसखोरी ‘पुष्ट’ झाली असे मानतात. या धोरणांची तर्कसंगती निर्विवाद आहे. पण तिची किंमत काय, हे लंडनमधील हॅटन गार्डनच्या चोरीने दाखवले. एप्रिल २०१५ मध्ये ईस्टरच्या लांब सुट्टीत चोर सेफ-डिपॉझिटच्या इमारतीत शिरले तेव्हा ३ तारखेला रात्री १२ वाजून २१ मिनिटांनी निरीक्षण-कंपनीचा फोन पोलिसांकडे गेला होता. पोलिसांच्या नोंदीत त्याला ‘प्रतिसादाची गरज नाही’ अशी श्रेणी मिळाली. एक रक्षक येऊन गेला, त्याला दारे जागच्या जागी दिसली. चोरी उघडकीस आली ती मंगळवारी, ७ तारखेला, आणि गेलेल्या ऐवजाची किंमत सुमारे १ कोटी ४० लाख पौंड धरली गेली.

सज्जता काढणारा माणूस अधिकृत असूनही स्वेच्छेने ते करीत नसेल, तर काय, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. त्यासाठी ‘ड्युरेस कोड’, म्हणजे दडपणाखाली वापरायचा वेगळा संकेतांक, दिला जातो. तो दाबला की पॅनेल नेहमीसारखे डिसार्म झाल्याचे दाखवते आणि गुपचूप मदतीची हाक पाठवते. सुट्ट्या गुंडाविरुद्ध तो चालतो. परंतु बेलफास्टमधील नॉर्दर्न बँकेत २० डिसेंबर २००४ रोजी जे घडले, त्यात दोन अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना आदल्या रात्रीपासून ओलीस धरून त्या अधिकाऱ्यांना दिवसभर नेहमीप्रमाणे कामावर जायला लावले गेले आणि संध्याकाळी २ कोटी ६५ लाख पौंड बाहेर काढले गेले. घरची माणसे दुसऱ्याच्या तावडीत असताना गुप्त संकेतांक कोणी दाबील, ही अपेक्षा यंत्रणेच्या रचनाकारांनी करू नये. येथे एका माणसाच्या हाती संपूर्ण अधिकार न देणे, आणि ठरलेल्या तासाआधी कोणालाच उघडता न येणारे वेळबद्ध कुलूप वापरणे, हे अधिक प्रामाणिक उपाय वाटतात.

महाराष्ट्रातील अनुभवात जुईनगरची घटना टाळता येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईच्या या भागातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेजवळ गाळा भाड्याने घेऊन, तेथून भुयार खणून चोर थेट लॉकर-कक्षात निघाले आणि सुमारे तीस लॉकर फोडले गेले. सोमवारी, १३ तारखेला शाखा उघडल्यावर ते लक्षात आले. दार आणि शटर यांवर पहारा ठेवणाऱ्या झोनांना जमिनीखालून येणारा माणूस दिसणे शक्यच नसते. त्यासाठी जमीन आणि भिंती यांच्या थरथरीवर लक्ष ठेवणारा, चोवीस तास जागा असलेला झोन लागतो. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरविषयक सुधारित निर्देश काढले, त्यांत लॉकर-कक्षाला येण्या-जाण्याचा एकच ठरावीक मार्ग असावा, तेथील सीसीटीव्ही चित्रण किमान १८० दिवस जपावे, लॉकर उघडला गेल्यास त्याच दिवशी ग्राहकाला संदेश जावा, आणि चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट असावी, अशा तरतुदी आहेत. एकच मार्ग असण्याचा आग्रह झोनच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे विलंबाचा झोन एकच राहतो आणि बाकी सर्व तात्काळ ठेवता येतात. एटीएमच्या बाबतीत १४ जून २०१९ च्या परिपत्रकाने रोकड भरण्यासाठी एका वेळेपुरता चालणारा डिजिटल संकेतांक असलेली कुलपे सांगितली. उघडण्याचा अधिकार माणसाकडे कायमचा न देता त्या खेपेपुरता देण्याचा हा विचार अलार्मच्या संकेतांकांनाही लागू करण्याजोगा आहे.

आपल्याकडे या यंत्रणेच्या जोडीला रखवालदार जवळजवळ नेहमीच असतो. खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्येच स्वतंत्र कायदा केला, यावरूनच या वर्गाचा आकार ध्यानात यावा. पण त्याला कीपॅडवर अधिकार किती, याचे उत्तर ठिकठिकाणी वेगळे मिळते. काही गृहसंकुलांत आणि गोदामांत सर्वांसाठी मिळून एकच संकेतांक असतो आणि तो कीपॅडशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला आढळतो. अशा ठिकाणी यंत्रणा कोणी उतरवली, याला काही अर्थच उरत नाही. रक्षकाला आर्म करण्याचा अधिकार द्यावा आणि डिसार्म करण्याचा देऊ नये, ही विभागणी बहुतेक पॅनेलांत सहज करता येते, तरी ती क्वचितच केलेली असते.

खरे म्हणजे अवस्था-बदलाची नोंद ठेवण्याचे साधन दशकानुदशके उपलब्ध आहे. पॅनेल आणि निरीक्षण-केंद्र यांच्यातील ‘काँटॅक्ट आयडी’ या प्रचलित संदेशपद्धतीत ४०१ हा अंक वापरणाऱ्याने केलेल्या उघड-झाकीचा. त्याच्या आधी १ असेल तर उघडले, ३ असेल तर लावले, आणि पाठोपाठ पार्टिशनचा व माणसाचा क्रमांक. ५७० म्हणजे झोन वगळला, १२१ म्हणजे दडपणाखालची हाक. या नोंदी रोज सकाळी कोणी वाचल्या, तर गंजलेला शटर-संपर्क किती रात्री वगळला जात आहे, हे आठवड्याच्या आत कळेल. त्यांत भर पडली आहे ती मोबाइलवरून आर्म-डिसार्म करण्याची. विसरलेली यंत्रणा घरून सज्ज करता येणे ही निश्चितच मोठी सोय आहे. परंतु दुरून डिसार्म करणाऱ्याला दारात कोण उभे आहे हे दिसत नाही, आणि दारात उभे राहून अंक दाबण्यात जी एक ओझरती पाहणी आपोआप घडत असे, ती या पद्धतीत गळून पडते. काही बँका आणि सराफी पेढ्या त्यामुळे मोबाइलवरून फक्त आर्म करू देतात. ठरलेल्या वेळेपर्यंत शाखा आर्म झाल्याचा संदेश आला नाही, तर निरीक्षण-केंद्राने कोणाला आणि किती मिनिटांनी फोन करायचा, आणि फोन उचलणारा ‘अजून काम चालू आहे’ म्हणाला तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की त्याच्याकडून ठरलेला सांकेतिक शब्द मागायचा, हे करारात स्पष्ट लिहिलेले असणे आवश्यक आहे. पुष्कळ करारांत त्या रकान्यात फक्त एक मोबाइल क्रमांक असतो, आणि तो बदली होऊन गेलेल्या व्यवस्थापकाचा असतो.